यामिनीचा उभा फोटो

यामिनीला वाटलं होतं, मी फार तर चाळीस-पन्नास घरांत जाईन. चहा पिता पिता कुणी मला बघेल, 'नाक आईवर गेलंय' म्हणेल आणि विसरून जाईल. चार महिन्यांनी मी तिला सापडलो तो एका अनोळखी नंबरवरून आलेल्या मेसेजमध्ये. खाली लिहिलं होतं, "ये आप ही हो ना, दीदी?" चेहरा तिचाच होता. मानेखालचं उघडं शरीर तिचं नव्हतं.

मी एक फोटो आहे, लग्नाच्या स्थळांना पाठवायला काढलेला. माणसं मला बघतात. मीही त्यांना बघतो, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

माझा जन्म समता कॉलनीतल्या एका स्टुडिओत झाला. यामिनी पाच वर्षं एडिनबराला शहररचना शिकून रायपूरला परतली होती. नवा रायपूर वसवणाऱ्या ऑफिसात नुकतीच रुजू झाली होती. बाईला निर्धास्त चालता येईल असे रस्ते आखायचे, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. तिची आई, गोदावरीबाई, तिला साडी नेसवून घेऊन आली.

"डोक्यापासून पायापर्यंत दिसली पाहिजे. लोक उभा फोटो मागतात."

"आई, मी फ्रिज आहे का? किती लिटरचा, तेही लिही खाली."

"चूप बस, पोट्टी! हस जरा."

तिला खरंच हसू फुटलं, आणि त्याच क्षणी मी झालो.

मग मी समाजाच्या स्थळांच्या ग्रुपवर गेलो. रायपूर, दुर्ग, नागपूर. बायका आधी चेहरा बघायच्या, मग वय आणि शिक्षण वाचायच्या. पुष्कळ पुरुष दोन बोटांनी मला मोठं करायचे, आणि चेहऱ्यावर थांबायचे नाहीत.

रायपुरातच, तात्यापाऱ्यात राहणारा भार्गव त्यांतलाच. बत्तीस वर्षांचा, औषध कंपनीत नोकरीला, आईच्या गोळ्या वेळेवर देणारा. त्याच्या फोनमध्ये माझ्याआधी हजारो बायका होत्या. एकीलाही नाव नव्हतं. दुपारच्या सुट्टीत गाडीच्या काचा चढवून तो त्या बघत बसायचा. एकीवरून दुसरीवर, बोट थांबायचं नाही. त्याच्या तोंडावर मी सुख शोधलं. नव्हतं. खाजवताना असते तसली घाई होती फक्त, आणि खाजवून झाल्यावरचा कंटाळा.

एका दुपारी त्याने मला कसल्याशा ॲपमध्ये टाकलं. पुरतं मिनिटही लागलं नाही. साडी गेली, मान तेवढी राहिली. आईच्या बोलण्यावर फुटलेलं ते हसू आता एका परक्या, उघड्या धडावर होतं.

त्याच आठवड्यात तो आपल्या आईसोबत यामिनीच्या तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये तिला बघायला आला. त्याच्या हातातल्या फोनमध्ये मी होतोच. ती आपल्या कामाबद्दल सांगत होती, आणि त्याची नजर सारखी तिच्या गळ्याखाली घसरत होती. समोर एक माणूस बोलतंय, हे त्याला ऐकूच येत नव्हतं. तिला वाटलं, लाजाळू असेल. घरी जाऊन त्याने नकार कळवला आणि मला दोन मित्रांना पाठवलं.

पुढचा प्रवास मला सांगता येत नाही. मी कुठे कुठे आहे, किती आहे, मलाच ठाऊक नाही. कुठल्यातरी खिशातून बाहेर येऊन मी उजळतो, आणि समोर पुन्हा तसलेच डोळे.

हे कुणी केलं, ते यामिनीला कळलं नाही. म्हणून तिला सगळेच तो वाटू लागले. लिफ्टमध्ये कुणी हसलं, की वाटे, याने पाहिला असेल? आरशावर तिने ओढणी टाकली. आंघोळ दिवा न लावता करू लागली. शरीर तिचंच, पण त्यात ती चोरासारखी राहत होती.

शेवटी तिने घरी सांगितलं. श्यामकांतकाका म्हणाले, "काहून बोंबलून राहिली? नंबर बदल, अन् जा परत तिकडं, परदेशात."

"आणि ज्याने केलं तो?"

"तो सापडते का कधी? नाव तं तुझंच खराब होते."

गोदावरीबाई फोन हातात घेऊन मला, साडीतल्या मला, बघत राहिल्या. "मीच म्हटलं होतं, हस म्हणून," एवढंच म्हणाल्या.

तुमच्या फोनमध्ये मी कधी आलो, तर हात जोडून सांगतो, मला पुढे ढकलू नका. मी मेलेला नाही. माझ्या दुसऱ्या टोकाला एक जिवंत बाई अंधारात आंघोळ करते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी यामिनीने ऑफिसला रजा टाकली. परत जाण्याचा विषय तिने संपवून टाकला. पुरावा म्हणून माझी मूळ प्रत छापून घेतली आणि पोलिसांत द्यायची तक्रार हाताने लिहायला बसली. आई मागे उभी राहून वाचत होती.

'मला आलेल्या चित्रात दोन बायका आहेत,' तिने लिहिलं. 'चेहरा माझा. शरीर कुणाचं, मला माहीत नाही. तिलाही कुणी विचारलं नसणार. ही तक्रार दोघींची आहे.'

"तिले तू ओळखते तरी का?"

"नाही ओळखत," यामिनी म्हणाली, आणि खाली तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, पत्त्यासकट.

"हव, चल," आई म्हणाली, आणि पायांत चपला सरकवू लागली.