सायलीसाठी अंधार

दिवसा झोपणाऱ्या माणसांचा मला जन्मभर राग. बँकेत तीस वर्षं काढली, पण दुपारी कधी टेबलावर मान टाकली नाही. लेकीला तर रोज सहाला खिडक्या उघडून, पांघरूण ओढून उठवत आले. आणि तीच मी परवा उज्जैनच्या देवास गेट बाजारात काळं कापड मागत उभी होते. कशासाठी, तर माझी सत्तावीस वर्षांची घोडी भर दुपारी झोपावी म्हणून.

सायली रेल्वेत आहे, मालगाडीच्या इंजिनात असिस्टंट. परवा तिला कळलं की परीक्षा पास झाली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी तिनं स्वतः चालवायची. अठ्ठावन्न डबे, रात्रभराचा प्रवास, आणि हँडल माझ्या पोरीच्या हातात! मी स्वयंपाकघरातच दोन गिरक्या घेतल्या. वय बासष्ट आहे हे गुडघ्यांनी लगेच सांगितलं.

पण सायलीचा चेहरा उतरलेला. तिला दिवसा झोप लागत नाही. मागच्या फेरीत पहाटे तिचे डोळे क्षणभर मिटले होते. तेव्हा गाडी दुसऱ्याच्या हातात होती, म्हणून निभावलं.

"आई, उद्या पाच-सहा तास झोप झाली नाही, तर मी स्वतःच फोन करून गाडीला नकार देणार आहे," ती म्हणाली. "झोपेच्या डोळ्यांनी एवढी मोठी गाडी मी नेणार नाही."

पहिलीच गाडी नाकारली तर पुढे काय, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पोरीचं बरोबर होतं. म्हणून तिच्यावर रागावता येईना, आणि मी सगळा राग मे महिन्यातल्या उन्हावर काढायचं ठरवलं.

उज्जैनमध्ये एखादी बाई काळं कापड मागते ती शनीला वाहायलाच, असं दुकानदारानं धरलेलं. त्यानं सव्वा मीटर फाडायला कात्री उचलली. मी म्हटलं, भैया, बारा मीटर दो, और मोटा वाला. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की हिला कसली साडेसाती, साडेसातीच हिला घाबरत असणार. रात्री मशीनवर बसून मी ते सगळं दुहेरी शिवलं. संपेपर्यंत पहाट झाली, आणि मग झोपायचं कसलं, दूधवाला येतच होता.

सकाळी सायलीला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि तिच्या खोलीत आम्ही दोघं नवरा-बायको कामाला लागलो. आमचे हे, म्हणजे सुधाकर, शाळेत गणित शिकवायचे. एक खिळा ठोकायचा तरी आधी भिंतीकडे बघत उभे राहणार. मी हातोडी काढून घेतली. दोन्ही खिडक्यांवर कापड ताणून खिळे मारले, वरच्या झरोक्यात पुठ्ठा बसवला, आणि ह्यांना बाहेर काढून दार लावून आत उभी राहिले. वाटलं, झालं काम. पण पाच मिनिटांत डोळे सरावले आणि उजेड चहूकडून आत घुसलेला दिसू लागला. कडेची फट, खिळ्याचं भोक, स्टॅबिलायझरचा लाल दिवा. एकेक शोधून मी चिकटपट्टी लावत गेले, आणि खरं सांगते, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

खरी मेख कूलरची. तो खिडकीत बसवलेला, आणि त्याच्या गवतातून ऊन झिरपून आत येत होतं. झाकला तर हवा बंद, आणि बेचाळीस डिग्रीत कूलरशिवाय कोण झोपतं? इथे मात्र ह्यांचं डोकं चाललं. बाहेरच्या बाजूला, कूलरपासून हातभर अंतर सोडून, त्यांनी खाट उभी केली आणि तिच्यावर तिरपाल, म्हणजे ताडपत्री, टाकली. हवा बाजूंनी येऊ लागली, ऊन मात्र अडलं. मी त्यांना शाबासकी दिली. इतकी कमी वेळा देते की ते दचकलेच.

तेवढ्यात शेजारच्या जयूवहिनी फाटकातून विचारून गेल्या, की आज ग्रहण आहे का आणि त्यांचं जेवणावर तुळशीपत्र ठेवायचं राहिलं का. मी त्यांना हळू बोलायला सांगितलं.

साडेदहाला सायली आत जाऊन पडली. मी दार लावलं आणि बाहेर खुर्चीत बसले. बसवेना. पोरगी झोपली की नाही? हळूच दार उघडून पाहिलं. जागी होती. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं. मग कूलरचा आवाज बदलल्यासारखा वाटला म्हणून पाहिलं. चौथ्या वेळी ती उठून बसलेली होती.

"आई, अंधार एकदम बढिया झालाय," ती म्हणाली. "उजेड आता फक्त तूच आणतेस."

मी ओशाळले. तिनं मला आत बोलावलं, दार लावून घ्यायला सांगितलं आणि पलंगावर सरकून जागा केली. बाहेर राहिलीस तर संध्याकाळपर्यंत येत-जात राहशील, म्हणाली. मी तिच्याशेजारी आडवी झाले. डोळ्यांपुढे हात धरला तरी दिसत नव्हता इतका सुरेख अंधार.

"भीती वाटतेय," थोड्या वेळानं ती म्हणाली.

एरवी मी भाषण दिलं असतं. "मलाही वाटतेय," मी म्हटलं, "पण आनंद त्याच्याहून जास्त होतोय."

ती हसली असावी. मग तिचा श्वास लांब होत गेला आणि मी मनात देवाला हात जोडले.

मध्येच मला भान आलं. दहा-पंधरा मिनिटं डोळा लागला असावा. अंधार तसाच, कूलर तसाच. घशात खोकला दाटून आला होता, पण खोकले तर सायली उठेल. मी पदर तोंडात कोंबला. पाठीला रग लागली, तरी कूस बदलली नाही. पायाला डास चावला, त्यालाही पोटभर चावू दिलं. अशी कितीतरी वेळ मी काठीसारखी पडून राहिले. मग राहवेना, म्हणून तिच्या केसांवरून हलकेच हात फिरवायला गेले, तर हाताला नुसती उशी लागली.

दार उघडलं. बाहेर सुधाकर दिवा लावून बसले होते. घड्याळात सात वाजून पाच मिनिटं झाली होती.

सायली सव्वापाचला आपली आपण उठली, त्यांनी सांगितलं. म्हणाली, बाबा, सहा तास ढाराढूर झोपले. मग पोळी खाल्ली, देवाला नमस्कार केला आणि गेली. आईला उठवू नका, जन्मात पहिल्यांदा दुपारची झोपलीय, असंही बजावून गेली.

मी ह्यांना काय-काय बोलले ते लिहीत नाही. लेकीची पहिली गाडी, आणि मी, तिची आई, घोरत पडले होते! रडू आलं मला. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, स्कूटरची किल्ली उचलली आणि म्हणाले की गाडी साडेसातला निघते, फ्रीगंजच्या पुलाखालूनच जाईल.

विस्कटलेले केस, चुरगळलेली साडी, एका पायात माझी चप्पल आणि एका पायात ह्यांची. अशी मी पुलावर जाऊन कठड्याला भिडले. पाचच मिनिटांत इंजिनाचा दिवा दिसला. वरून तिचा चेहरा दिसणं शक्यच नव्हतं, काचेमागे सगळं काळं होतं. तरी मी दोन्ही हात वर करून हलवत राहिले. इंजिन खालून गेलं, आणि मागून डबे येतच राहिले, येतच राहिले.

शेजारी मोटारसायकल थांबवून एक माणूस माझ्याकडे बघत होता. माताजी, ये तो मालगाड़ी है, किसको टाटा कर रही हो, त्यानं विचारलं.

"मेरी लड़की चला रही है," मी म्हटलं. "पूरे छह घंटे सोई है."