दोन शब्द जोडून

पोरं काय बोलतात हे लिहून ठेवायचे पैसे मी एकवीस वर्षं घेतले. मानधन म्हणतात त्याला. त्यात मान किती आणि धन किती ते विचारू नका.

अंगणवाडीतल्या प्रत्येक पोराचं एक कार्ड असतं. पुढच्या बाजूला वजन आणि लसी, मागच्या बाजूला बोलण्याचे रकाने. वर्षाचं झालं की एखादा शब्द म्हणतं का. दीड वर्षाचं झालं की सांगितलेली वस्तू आणून देतं का. दोन वर्षांचं झालं की दोन शब्द जोडून बोलतं का. होय किंवा नाही लिहायचं आणि खाली सेविकेनं सही करायची. सेविका म्हणजे मी, मालनबाई.

त्या दुष्काळात आमच्या गावातल्या पोरांचे जोडून बोलायचे दोन शब्द ठरलेले होते. "तँकल आला." मामा, काका, भाकर सगळं मागाहून. वडवणीच्या रस्त्यावर हॉर्न वाजला की पोरं खिचडीची ताटली टाकून दाराकडे पळायची, तीन वर्षांची पुढं, दोनची मागं. मला हसू यायचं आणि कार्डावर मी होय लिहायचे. गावाला पुरेसं पाणी त्या टँकरनं कधी दिलं नाही, पण आमच्या पोरांना भाषा मात्र दिली.

चतुरासुद्धा पळायची. फक्त सगळ्यांच्या शेवटी. हॉर्न वाजला तरी ती खातच राहायची. बाकीची उठलेली दिसली, की ताटली नीट खाली ठेवायची आणि मग उठायची. मी हे एकदा नाही, महिनाभर पाहिलं.

चतुरा बिभीषणची आणि बायनाची पोरगी. आजेसासूचं नाव दिलेलं. नवरा-बायको दोघं दसरा झाला की ऊस तोडायला जायची ती पाडव्याला परत. जायची तो कारखाना सहकारी. ज्याचा ऊस तो त्याचा सभासद, जो तोडतो तो कुणीच नाही. असल्या सहकाराबद्दल मला काही बोलायला लावू नका. शिवाय तिथं एकटा माणूस घेत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको घरी राहिली तर नवऱ्यालाही काम नाही.

पहिल्यांदा बरोबर नेली तेव्हा चतुरा वर्षाची होती, नुकती पाय टाकायला लागलेली. आमच्याकडच्या बायका तोडणीला जाताना असल्या पोराच्या पायात घुंगरं बांधतात. ती हौस नव्हे. ऊस डोक्याच्या वर गेलेला, आई वाकून तोडतेय, पोर मागं पाचटावर, उसाच्या वाळल्या पाल्यावर सोडलेलं. घुंगरू जवळ वाजतंय तोवर आई काम करते. लांब गेलं की कोयता टाकून पळते. बायनानं नारायणगडच्या जत्रेतून चांगली पितळी घुंगरं आणली होती आणि मी तिचं कौतुक केलं होतं. तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही की या बाईला पोरीला हाक मारायची वेळच येत नाही. आई कान लावून बसलेली, त्यामुळं पोरीला कान आहेत की नाहीत हे कुणी बघितलंच नाही.

आठ महिन्यांची असताना चतुरा "बबबब" करायची. बिभीषण म्हणायचा, बाबा म्हणते. मग तेही थांबलं. तिची आजी कडूबाई रोज वेखंड मधात उगाळून जिभेवर चोळायची. "जीभ जड हाय गं मालन, हिचा बाप बी तीन वर्साचा झाल्यावर बोलला," म्हणायची. पोपटानं उष्टावलेला पेरू चारला की पोर बोलतं, असंही तिनं धरलं होतं. सगळ्या शिवारातले पेरू वाळून गेलेले. पोपट कशाला येतील मरायला?

चतुरा दोन वर्षांची झाली त्याच आठवड्यात ऊसतोडीची टोळी निघायची होती. बायना दुपारी अंगणवाडीत आली, पोर कडेवर, डोक्यात हजार कामं. पीठ दळायचं होतं, पेटी बांधायची होती. कार्ड भरून घेतलं की तिकडं लस चुकत नाही, म्हणून आलेली. मी रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "दोन शब्द जोडून बोलते का गं?"

"बोलती की. घरात लई बोलती. तुमाला लाजती."

"काय बोलते?"

बायनानं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. "आता काय सांगू बाई, पोरं बोलत्यात तसंच."

मी चतुराला जमिनीवर बसवलं, हातात लाकडी गाडी दिली. मग तिच्या मागं गेले आणि स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. कोपऱ्यात झोपलेलं एक तान्हं दचकून रडायला लागलं. चतुरा गाडी फिरवत राहिली.

बायनानं बघितलं. मी बघितलं. आम्ही दोघींनी बघितलं, हे मला आज कुणी नाकारायला सांगितलं तरी नाकारता येणार नाही.

ती माझ्या पायाशीच बसली. "बाई, ‘न्हाई’ लिवू नका."

"अगं, ऐकू येत नाही तिला. बीडला न्यावं लागेल. तपासायला लागेल."

"नेते ना. पाडव्याला आले की नेते. तुमी ‘न्हाई’ लिवलं की बीडचे हेलपाटे सुरू व्हतेत. टोळी उद्या निघती. राधाकिशन मुकादम थांबन का आमच्यासाठी? मी राहिले तर ह्यांनाबी न्हाई घेनार. मग खायचं काय, तुमीच सांगा."

खरं सांगायचं तर माझेही हिशेब होते. ‘नाही’ लिहिलं की तीन फॉर्म भरायचे, पाठवणीची चिठ्ठी लिहायची, मग पोर गावात नाही म्हणून पर्यवेक्षिकेपुढं उभं राहून बोलणी खायची. त्यात टँकरच्या रांगेत माझा हंडा लागलेला. मी पेन उचललं. होय लिहिलं आणि सही केली. अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात.

पाडव्याला ती आली. मी विसरले नव्हते. विसरले असते तर बरं झालं असतं, निदान माझ्या तोंडाला तेवढं तरी सांगायला उरलं असतं. मी टाळलं. आता ‘नाही’ लिहायचं तर आधीचं ‘होय’ कुठून आलं, हे कुणीतरी विचारणारच, मग मी काय सांगणार? त्या उन्हाळ्यात ती माणसं दोन बैलं घेऊन चौसाळ्याकडच्या चारा छावणीत राहायला गेली. मी मनाशी म्हणाले, आता कशाला, पाऊस पडल्यावर बघू. पाऊस धड पडलाच नाही. दसऱ्याला टोळी पुन्हा निघाली. घुंगरं आता दोन्ही पायांत होती.

चतुरा हुशार होती. ही मी माझ्या समाधानासाठी सोडलेली पुडी नव्हे. पोरीला खुणेनं सगळं कळायचं. खिचडी शिजली की नाही हे झाकणाच्या वाफेवरून ओळखायची. कुणाची चप्पल कुठली ते तिला पाठ. पाणी हवं असेल तर मूठ तोंडाला लावायची, माझ्यासाठी कपाळावर टिकली दाखवायची. माझं नावच होतं ते तिच्या बोटांत. एवढ्या डोक्यात किती शब्द मावले असते, याचा हिशेब मी करायचे आणि मग तवा घासायला बसायचे.

ती साडेचार वर्षांची झाली तेव्हा तपासणीचं पथक गावात आलं. एक तरुण डॉक्टरीण होती, घाईत, पण मन लावून बघणारी. तिनं चतुराच्या कानामागं चुटकी वाजवली, खुळखुळा वाजवला, तोंड गंभीर केलं. मग कार्ड उलटं करून वाचलं.

"दोन वर्षांची असताना ही दोन-दोन शब्द बोलत होती?"

बायनानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या फळांच्या तक्त्याकडं बघितलं.

"म्हणजे नंतर गेलंय. मोठा ताप वगैरे आला होता का?"

मी तोंड उघडायची हीच वेळ होती. अशी वेळ पुन्हा पुन्हा येत नाही, एवढं तर मला कळतं. माझ्या आधी बायना बोलली. "व्हय. ताप आलता. कारखान्यावर."

तिनं मला झाकलं. मी झाकू दिलं.

बीडला यंत्रावर कान तपासले. मीही गेले होते, एसटीचं तिकीट मीच काढलं, जणू त्यानं काही फिटणार होतं. तिथल्या डॉक्टरांना तापाची गोष्ट पटली नाही. ते म्हणाले, "हे जन्मापासूनचं आहे. ही कधीच बोलली नसणार. कार्डावर कुणी लिहिलं कोण जाणे." मग बायनाला त्यांनी नीट समजावून सांगितलं. बोलणं शिकायची पहिली तीन-चार वर्षं असतात. त्या वर्षांत कानावर शब्द पडले तर डोकं ते धरतं. दोन वर्षांची असताना आणली असती तर खूप काही करता आलं असतं. आता यंत्र लावू, आवाज आला हे तिला कळेल. आवाजातला शब्द कळणं अवघड.

बायनानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आई म्हनन का?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "प्रयत्न करू."

परतीच्या गाडीत चतुरा खिडकीतून बोट दाखवत होती. बैल दिसला की डोक्यावर शिंगं, टँकर दिसला की मूठ तोंडाला. दोन्ही एकदम दिसले तेव्हा तिनं दोन्ही खुणा एकापाठोपाठ केल्या आणि माझ्याकडं बघून हसली. दोन शब्द जोडून. त्यासाठी कार्डावर रकाना नव्हता.

पुढच्या वर्षी जूनमध्ये बायना पुन्हा अंगणवाडीत आली. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ती शाळा लांब, पोरीला तिथंच ठेवावं लागणार. कडूबाईनं रडून घर डोक्यावर घेतलं. मग गावच्या शाळेत नेलं, तर हेडमास्तर म्हणाले, बोलत नसेल तर आम्ही काय शिकवणार, अंगणवाडीचा दाखला आणा, बघू. तसं म्हणायचा त्यांना हक्क नव्हता. मी तिला म्हणाले, चल, मी येते भांडायला.

"भांडू नका. दाखला द्या," ती म्हणाली. "त्यात लिवा, बोलती म्हनून."

"बायना, अगं—"

"मागं लिवलं व्हतं की तुमी. तुमच्या लिवन्यानं दोन वर्सं बोललीच की ती. आनखी एकदा लिवा. एकदा पोरगी आत गेली की कोन बाहेर काढतंय?"

ती चेष्टा करत नव्हती. चेष्टा केली असती तर मला सोसलं असतं. चतुरा दारात उभी होती, कानात नवं यंत्र, पायात तीच जुनी घुंगरं. मला बघून तिनं कपाळाला बोट लावलं.

मी दाखल्याचा कागद घेतला. अक्षर चांगलंच आलं. बोलत नाही. ऐकू येत नाही. सही केली, शिक्का मारला. साडेतीन वर्षांनी मी खरं लिहिलं, आणि ते कुणाच्याच कामाचं नव्हतं.

बायनाला वाचता येत नाही. तिनं कागद उलटसुलट केला. "काय लिवलं?"

मी सांगितलं.

ती ओरडेल असं मला वाटलं. कागद तोंडावर फेकेल असंही वाटलं. तिनं तो चार घड्या करून कमरेला खोचला. "तवा लई जरूर व्हती ह्याची," ती म्हणाली. "तवा कावून न्हाई लिवलं?"

"तूच म्हणाली होतीस ना गं."

"मी अडानी. मला उद्याची भाकर दिसत व्हती, मी म्हननारच. तुमाला तर ठावं व्हतं, बाई."

तिनं चतुराचा हात धरला आणि निघाली. घुंगरं वाजत वाजत अंगणातून रस्त्यावर गेली, रस्त्यावरून पाराकडं. मी उंबऱ्यापर्यंत पळत आले आणि जोरात हाक मारली, "बायना!"

चतुराला ती ऐकू येणार नव्हतीच. बायनाला आली. मी बघितलं, तिची पावलं क्षणभर अडखळली. मग तीही मागं न बघता चालत राहिली.