धाकटीच्या शेजारी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. चाकांवरच्या एका घरात, बसायच्या बाकाखाली माझा संसार. गाडी सुरू करणारी बॅटरी निराळी, ती पुढे इंजिनापाशी असते. माझ्या वाट्याला घर आलं: दिवे, पाण्याचा पंप, पंखा आणि एक लहानसा फ्रिज. त्या फ्रिजमध्ये आजींची इंजेक्शनं असतात. त्यांना साखरेचा आजार आहे आणि त्यांचं औषध गरम होऊन चालत नाही.

कारखान्यात शिशाच्या पट्ट्या ओळीने उभ्या करून त्यांत आम्ल ओतलं, तेव्हा मी जन्मले. तिथून थेट या घरात आले. आजींचा मुलगा सुतार. गाडीतली कपाटं, पलंग, सगळं त्याच्या हातचं. सोबत त्याची बायको आणि लहान मुलगी. कामं मिळतील तिथे हे घर जाऊन उभं राहायचं. छपरावरच्या सौर पत्र्यांवर ऊन पडलं की माझं पोट भरायचं, संध्याकाळी मी साठवलेली वीज सगळ्यांना वाटून टाकायची. सूनबाई पाहुण्यांना बाक उचलून दाखवायच्या, "हिच्या जिवावर आमचं चाललंय." मी आतल्या आत फुलून जायची.

मग एका उन्हाळ्यात मोठा पंखा आला आणि संध्याकाळ सरेपर्यंत मला धाप लागू लागली. सुतारदादाने दुसरी बॅटरी आणली. माझ्याच मापाची, पण नवीकोरी, अंगावर एक ओरखडा नाही. तिला माझ्या शेजारी बसवलं. माझ्या डोक्यावरच्या दोन टोकांना लावलेल्या घराच्या तारा सोडवल्या आणि तिच्यावर कसल्या. मला दोन तारांनी तिच्यामागे जोडलं, अधिकाला अधिक, वजाला वजा. मुलीने तिचं नाव ठेवलं धाकटी. माझं नाव कुणी विचारलंही नाही.

मित्रांनो, मी जळले. पंखा फिरला की कौतुक धाकटीचं, दिवा लागला की कौतुक धाकटीचं. घराचं दार आता तिच्याकडे होतं आणि मी माजघरात बसलेली. एकाच खोक्यात राहून मी तिच्याशी मनाने अबोला धरला.

पुढे एका खडबडीत रस्त्यावर गाडी फार आदळली आणि आम्हाला जोडणाऱ्या तारेचा नट सैल झाला. तार नुसती टेकून राहिली. माझ्यातली वीज बाहेर पडेना. सगळा भार एकट्या धाकटीवर गेला. त्यात आभाळ भरून आलेलं, उन्हाचा पत्ता नाही. ती दमत चालली होती, ते मला कळत होतं. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. घेतलंस ना घराचं दार, मग सांभाळ आता, असं वाटत होतं.

एका दुपारी फ्रिज बंद पडला.

सूनबाईंनी इंजेक्शनं घाईघाईने बर्फाच्या थर्मासात ठेवली. आजी थर्मास मांडीवर घेऊन बसल्या. त्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. ते पाहिलं आणि माझं बरं वाटणं तिथेच संपलं. मी भरलेली होते आणि तरी माझा काडीचा उपयोग नव्हता.

"जुनीच दगा देतेय. काढून भंगारात टाकतो," सुतारदादा म्हणाला.

"अरे, आधी दाखव तरी कुणाला," आजी म्हणाल्या. "मला बरं नसलं तर डॉक्टरकडे नेतोस ना? की लगेच घराबाहेर काढतोस?"

दादा उठला. जाऊन जवळच्या एका वायरमनबाईंना घेऊन आला. त्यांनी आधी वजाची तार सोडवली, मग आम्हा दोघींना मीटर लावला.

"दादा, जुनी भरलेली आहे. रिकामी झालीय ती नवी. जोड सैल आहे आणि घराच्या दोन्ही तारा तुम्ही या नवीच्याच अंगावर घातल्यात. ही एकटी राबतेय."

त्यांनी सारख्या लांबीच्या जाड तारा घेतल्या. घराची अधिकाची तार माझ्यावर कसली, वजाची धाकटीवर. आता काहीही चालू झालं की वीज आम्हा दोघींमधून जाणार. तारा कसताच माझ्यातली वीज धाकटीकडे धावली. थोड्या वेळाने फ्रिज गुरगुरला. आजींनी थर्मासाचं झाकण उघडलं.

हत्यारं आवरता आवरता वायरमनबाई म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. जुनीला नवी जोडायचीच नसते. आता जोडलीत, तर जुनी थकली की दोघी एकदम बदलाव्या लागतील. नाहीतर थकलेली दुसरीला ओढत नेते."

मी हे ऐकलं आणि माझा मत्सर जागच्या जागी विझला. म्हणजे मी गेले की धाकटीही जाणार, ऐन उमेदीत. तिला याची कल्पनाही नव्हती. ती नुकतं मिळालेलं माझं बळ घेऊन मुकाट कामाला लागली होती.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी आमच्यासारखी कुणी असेल तर अधूनमधून मोठ्यांना सांगून तिचं पाणी बघायला लावा, जोड घट्ट आहेत का ते पाहायला सांगा, तिला पार रिकामी होऊ देऊ नका. मला अजून बरीच वर्षं टिकायचं आहे. स्वतःसाठी नव्हे, शेजारी धाकटी आहे.