एकाच बाजूच्या चुका

"चार ओळी बोलली बया, आणि मत कुणाला ते सोडून समदं सांगितलं," प्रेरणा पुटपुटली. "नवऱ्याचा गुडघा, कुत्र्याचं आजारपण. आता ह्याला कुठला नंबर देऊ?"

शेजारच्या खुर्चीवरून पूर्णिमानं मान न वळवता विचारलं, "कुत्र्याला काय झालंय?"

"ताई, तुम्ही बी."

"गुडघ्याचं औषध महागलंय म्हणाली असंल तर सतरा दे. आरोग्य."

प्रेरणानं सतरा दिला आणि पुढच्या उत्तराकडं वळली. "ह्या अमेरिकेच्या बायका आमच्या आत्तीसारख्याच हैत. मत विचारलं की सुनेचं गाऱ्हाणं."

२००४ चा ऑक्टोबर संपत आला होता. अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक चार दिवसांवर होती आणि तिची थोडी धग राजारामपुरीत, साड्यांच्या दुकानाच्या माडीवर, आठ कॉम्प्युटरांच्या त्या खोलीत पोचत होती. तिकडची कुठलीशी कंपनी लोकांना घरी फोन करून विचारायची, की मत देताना तुमच्या मनात सगळ्यात वर काय आहे. लोक जे बोलतील ते जसंच्या तसं टाइप होऊन, पुण्याच्या हापिसातून कोल्हापुरात यायचं. इथं आठ बायका-मुली एकेक उत्तर वाचून त्याला नंबर द्यायच्या. नोकऱ्या, तेरा. कर, चौदा. आरोग्य, सतरा. इराकच्या युद्धाचे दोन नंबर होते. सैन्य परत आणा, अकरा. हाती घेतलंय ते तडीस न्या, बारा. त्या नंबरांचे मग टक्के व्हायचे आणि टक्के परत अमेरिकेला जायचे.

पूर्णिमा छत्तीस वर्षांची. शिकली बारावीपर्यंत, त्यातही इंग्रजीनं तिला दोनदा मागं ठेवलं होतं. पुढं टायपिंग शिकता शिकता, रद्दीतली इंग्रजी मासिकं वाचता वाचता, तिनं ती भाषा अशी धरली की आता आठजणींत अडलेलं वाक्य तिच्याकडं यायचं. बोलता यायचं नाही. पण ओहायोतली म्हातारी खरंच देवाचं नाव घेतीय की टोमणा मारतीय, हे तिला डिक्शनरी न उघडता कळायचं.

दुपारी जेवणं झाल्यावर शिवांजलीनं तिला काचेच्या खोलीत बोलावलं. शिवांजली निपाणीकडची, सव्वीस वर्षांची, एमबीए झालेली. वयानं मोठ्या बाईला रागवायची वेळ आली की आधी पाणी विचारायची.

"पाणी घेणार, ताई?"

पूर्णिमानं खुर्ची ओढली. "काय चुकलं?"

तिथली एक रीत होती. दर दहावं उत्तर दुसरी बाई, पहिलीचा नंबर न बघता, नव्यानं तपासायची. दोघींचं जुळलं नाही तर तिथं लाल खूण. शिवांजलीनं दोन कागद पुढं ठेवले.

"हा प्रेरणाचा. चाळीस लाल खुणा. हा तुमचा. एकोणतीस."

"मग माझ्या कमीच हैत की."

"कमीच आहेत. पण प्रेरणाच्या बघा, एक इकडं, एक तिकडं. जांभया देत केलेल्या चुका आहेत त्या, एकमेकींना खाऊन टाकतात. तुमच्या एकोणतीसच्या एकोणतीस एकाच बाजूला आहेत, ताई. जिथं जिथं चुकलाय तिथं अकरा दिलाय."

पूर्णिमानं कागद जवळ घेतला. उत्तरं तिला आठवत होती, जवळजवळ पाठच होती. 'आता मी संध्याकाळी टीव्ही लावत नाही.' 'देव सगळ्यांना सांभाळो.' 'माझा भाऊ तिकडं जाऊन आला. आल्यापासून अंगणात बसून असतो.'

"ह्यात सैन्य परत आणा असं कुठं म्हटलंय?" शिवांजलीनं विचारलं.

"म्हणायचं तेच हाय की तिला."

"असेल. पण म्हणायचं असणं वेगळं आणि म्हणणं वेगळं. आपल्याला म्हटलंय तेवढंच धरायचंय." मग तिनं आवाज उतरवला. "तिकडं तुमचं कुणी आहे का?"

"मालक कुवेतला हैत. हॉटेलात," पूर्णिमा म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की म्हणताना जीभसुद्धा हलल्यासारखी वाटायची नाही.

तीन आठवड्यांची सगळी फाइल संध्याकाळपर्यंत पुन्हा तपासायची, एवढंच शिवांजलीनं सांगितलं, आणि पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला.

कृष्णात, म्हणजे पूर्णिमाचा नवरा, आचारी होता. दोनशे माणसांचा रस्सा एकटा उतरवायचा. शिमग्यानंतर एका एजंटाच्या ओळखीनं कुवेतला गेला. दर रविवारी फोन यायचा. गणपतीच्या आदल्या दिवशी मात्र मंगळवार-बुधवार असं काही न बघता अवेळीच आला. "आम्हाला पुढं न्यायला लागलेत," तो म्हणाला. "इराकात. अमेरिकेच्या सोल्जरांचा तळ हाय, तंबूतच किचन. आईला बोलू नको. त्यांचं सैन्य हाय तवर आम्ही हाय, ते गेले की आम्ही बी मोकळे." मग खरखर झाली आणि फोन बंद पडला. त्याला सहा आठवडे झाले, नंतर एकही फोन नाही. एजंटाच्या दाराला कुलूप होतं.

पूर्णिमानं घरात कुणाला सांगितलं नाही. घरात होतं तरी कोण, एक सासू. चिमणाबाई शिवाजी पेठेतल्या त्या दोन खोल्यांत बसून गल्लीला सांगायची, "पोरगं कुवेतला मोठ्या हॉटेलात हाय." समोरच्या आक्कांनी एकदा विचारलं, "तिकडं लढाई चाललीय म्हणत्यात नव्हं?" चिमणाबाई म्हणाली, "ती लांब हाय. कुठं कोल्हापूर, कुठं बेळगाव." आक्कांचं माहेर बेळगावचं. त्या सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायच्या.

मग एके संध्याकाळी भाकरी थापता थापता पूर्णिमा सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "आमच्या त्या अमेरिकेतली निम्मी माणसं म्हणत्यात, सैन्य परत बोलवा." चिमणाबाईनंही सहज ऐकल्यासारखं ऐकलं. दुसऱ्या दिवशी पूर्णिमा चपला काढते न काढते तोच तिनं विचारलं, "आज किती?" त्यानंतर एक दिवस चुकला नाही. शेजारणींनी भाजीचा भाव विचारावा तशी ती विचारायची. त्रेपन्न. पंचावन्न. काल अठ्ठावन्न. आकडा चढला की म्हातारी अर्धी भाकरी जास्त खायची. अमेरिकेच्या मतांशी शिवाजी पेठेतल्या म्हातारीचा संबंध काय, हे दोघींपैकी कुणीही काढलं नाही.

त्या संध्याकाळी माडीवरून सगळ्याजणी गेल्या तरी पूर्णिमा बसून होती. एकेक अकरा उघडायचा, वाचायचा, आणि त्यात जे नव्हतं ते काढून टाकायचं. टीव्ही न लावणारी बाई 'इतर'मध्ये गेली. देवाचं नाव घेणारी गेली. अंगणात बसणाऱ्या भावापाशी ती बराच वेळ थांबली. त्याच्या बहिणीनं खरंच काही मागितलं नव्हतं. भाऊ बसून असतो, एवढंच सांगून तिनं फोन ठेवला होता. तोही गेला. सगळं संपल्यावर फाइलीखाली अकराची बेरीज आली ती चौतीस टक्के. तिनं पुन्हा करून बघितली. चौतीसच.

घरी आली तेव्हा चिमणाबाई चकलीच्या भाजणीसाठी डाळी निवडत बसली होती. दिवाळी दोन आठवड्यांवर होती. तीन सुपं भरली होती. दोघींच्या घराला एक सूपही जास्त झालं असतं.

"उशीर केलास," चिमणाबाई म्हणाली. "आज किती?"

पूर्णिमानं पिशवी खुंटीला अडकवली. अठ्ठावन्न म्हटलं असतं तर चाललं असतं. साठ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"चौतीस."

डाळीतला हात थांबला. "काल अठ्ठावन्न म्हणालीस की."

"काल माझं चुकलंतं, आई. लोकं तसं म्हणालीच न्हवती. मीच धरत होतो."

"रोज चुकलीस?"

"रोज."

"आनि बाकीची काय म्हणत्यात?"

"काही म्हणत्यात, सुरू केलंय तर तडीला न्या. काहींचं घरदार, नोकऱ्या. त्यांच्या ध्यानात बी न्हाई."

"तडीला म्हंजी किती दीस?"

"त्ये कुणी सांगितलं न्हाई."

चिमणाबाईनं सुपातला एक खडा शोधून बाजूला टाकला. मग सूप दोन्ही हातांनी उचलून भिंतीकडं सरकवलं.

"कृष्णात इराकात हाय, ह्ये मला कवा सांगणार हुतीस?"

पूर्णिमा उभी होती तिथंच खाली बसली. "तुमास्नी कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय. त्याचा फोन आला तवा मी मोरीत भांडी घासत हुतो. तू म्हणालीस, 'इराकात? तंबूत?' हॉटेलाला तंबू कशाला लागतोय, पोरी?"

"मग बोलला का न्हाई?"

"तू आकडा आणत हुतीस की रोज. चांगला आणत हुतीस. मला बी बरं वाटत हुतं."

बाहेर तालमीतली पोरं फुटबॉलवरून भांडत घरी चालली होती. पूर्णिमाला वाटलं काहीतरी बोलावं. एजंटाकडं उद्या परत जातो म्हणावं, तिकडनं फोन लागत नसंल म्हणावं. तिनं तोंड उघडलं, पण चिमणाबाईनं डाळीनं पांढरा झालेला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"सहा आठवडं झालं, पूर्णिमा," ती म्हणाली. "त्यो जित्ता नसंल बी."