दोन खिडक्या आणि एक बाबागाडी

आमच्याकडे तान्ही पोरं दुपारी बाहेर झोपतात. थंडी कितीही असू दे, लोकरीची टोपी घालायची, दुलईत गुंडाळायचं, बाबागाडी अंगणात लावायची आणि आपण वर जाऊन कॉफी प्यायची. डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या या इमारतीच्या अंगणात मी अशीच झोपले, माझी मुलगी सिग्ने झोपली, आता तिचा आस्गर झोपतो. त्यात पूर्वी कुणाला काही विशेष वाटायचं नाही.

मग दारांवरच्या पाट्या बदलायला लागल्या. सिरियाचे आले, सोमालियाचे आले, कुठले कुठले आले. मला ते आवडलं नाही, उगाच गोड कशाला बोलू? जिन्यात लसणाचा वास येतो म्हणून मी नाक मुरडायचे, आणि माझ्या घरातल्या हेरिंग माशाला जणू अत्तराचाच वास होता! पण गंमत बघा, नव्यांवरचा भरवसा गेला तसा जुन्यांवरचाही गेला. सायकलींच्या खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली कुणाकडे ठेवायची यावरून चाळीस वर्षांचे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले. बाबागाड्या एकेक करून बाल्कनीत गेल्या. अंगणात उरली फक्त आमची. सिग्ने हट्टी. म्हणाली, "आई, तू मला ठेवायचीस ना? मग झालं तर."

तेव्हा राखणीला मी. दुपारभर खिडकीत विणकाम घेऊन बसायचं आणि गाडीवरून नजर हलवायची नाही. कारण समोरच्या तिसऱ्या मजल्यावर, तिच्या खिडकीत, रिहाब बसलेली असायची. सिरियातल्या होम्सहून आलेली, काळ्याभोर डोळ्यांची बाई. तीही टक लावून गाडीकडेच बघायची. रोज. तिचा काय डाव आहे या विचाराने माझा जीव वरखाली व्हायचा. ती हलायची नाही, म्हणून मी हलायचे नाही. या वयात लघवी दाबून दुपार काढणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. शेवटी मी कॉफी सोडली. डॅनिश बाईने कॉफी सोडली, यावरून काय ते समजा.

एके दिवशी मात्र अगदीच राहवेना. धावत गेले, धावत आले. गाडी रिकामी. दुलई एका बाजूने लोंबत होती. समोरची खिडकीही रिकामी.

मी कशी खाली उतरले ते मला आठवत नाही. सिग्ने आली, पांढरीफटक. ती नुसती त्या रिकाम्या दुलईवर हात फिरवत राहिली. तिचा तो हात बघून मला रडू कोसळलं. अंगण भरलं. तळमजल्यावरचा प्रेबेन, आमच्या रहिवासी समितीचा अध्यक्ष, हाताची घडी घालून उभा होता. मी कधीचा सांगतोय, आता दिवस पूर्वीचे राहिले नाहीत, असं तो म्हणाला आणि त्याने तिसऱ्या मजल्याकडे बघितलं. मग मीही ओरडले, की तीच, ती रोज बघत बसते. चारपाच जण तिच्या जिन्याकडे निघालेसुद्धा.

तेवढ्यात तीच धडधडत खाली आली. एका पायात चप्पल, ओढणी खांद्यावर घसरलेली. आमच्यातल्या कुणाकडे न बघता ती सरळ प्रेबेनकडे गेली आणि तिने त्याची बाही पकडली.

"बाळ ह्याच्या घरात आहे," ती म्हणाली. "ह्यानेच उचललं. मी बघितलं."

प्रेबेन बीटासारखा लाल झाला. धडा शिकवायचा होता, म्हणाला. कुणीही असं उचलून नेईल, एवढंच दाखवायचं होतं. सिग्नेने त्याला ढकललं आणि आत घुसली. आस्गर सोफ्यावर, उशांच्या मध्ये, टीव्हीचा रिमोट चघळत पडला होता. त्याला छातीशी धरून बाहेर येताना सिग्ने प्रेबेनला जे बोलली, ते मी तिला शिकवलेलं नाही. पण ऐकून बरं वाटलं.

पांगापांग झाल्यावर मी रिहाबला विचारलं, की बाई, तू रोज बघत काय असायचीस?

ती म्हणाली, "पहिल्यांदा वाटलं, बाळ कुणी टाकून दिलंय. मग तुम्ही दिसलात. खाला, राग मानू नका, पण मला तुमचीच भीती वाटायची. एवढ्या थंडीत बाळ बाहेर, आणि ही म्हातारी नुसती बघत बसते, त्याला आत घेत नाही. म्हटलं, आपण लक्ष ठेवलेलं बरं."

"अख्खा हिवाळा?"

"तुम्ही हलायचाच नाहीत. मग मी कशी हलणार? कंबर मोडली माझी."

दुसऱ्या दिवशी सिग्नेने गाडी पुन्हा अंगणात लावली. प्रेबेनचे पडदे ओढलेले होते. मी माझ्या खिडकीत, रिहाब तिच्या. सकाळीच मी किटलीभर कॉफी प्याले होते, तेव्हा व्हायचं ते झालं. मी हात वर केला. गाडीकडे बोट दाखवलं, मग तिच्याकडे, मग माझ्या घराच्या आत. तिने मान डोलावली आणि खुर्ची काचेजवळ ओढली.

मी गेले. दार लावून घेतलं आणि निवांत बसले.