राखेशी लढायला शिवलेला डगला

मित्रांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मध्येच थांबावं लागणार नाही. मी एक जुना डगला आहे, आणि माझा जन्म उठलेल्या मुडद्यांशी लढण्यासाठी झाला. साऱ्या नागपुरात या कामासाठी शिवलेला मी एकटाच. दुसरा कुणी असेल तर त्याने पुढे यावं, आपण वजन करून बघू.

वजनाचं म्हणाल तर मी कोरडा असताना साडेपाच किलो भरतो आणि ओला झालो की अर्ध्या बैलाएवढा. मला वाळत घातलं की दोरी तुटायची, म्हणून दारच्या कडुनिंबाच्या फांदीवर टाकत. ती फांदी पुढे इतकी वाकली की शेजारच्या शेळ्या बसल्या जागी पाला खाऊ लागल्या. यात मी काही वाढवून सांगतोय असं वाटलं तर त्या शेळ्यांना विचारा. आता त्या हयात नाहीत, ही वेगळी गोष्ट.

माझे धनी नत्थूजी. महाल भागाच्या मागे विणकरांची एक गल्ली होती, तिथे त्यांचा हातमाग होता. गांधीबागेतल्या दुकानांसाठी ते नऊवारी पातळं विणत. सन चौऱ्याहत्तरच्या माघ महिन्यात एकदा त्यांनी बाबनरावांच्या टपरीवरून चिवडा आणला. चिवडा संपला आणि कागद उरला. तो वर्तमानपत्राचा तुकडा होता. मुडदे उठले, शहर ओस पडलं, लोकांनी दारंखिडक्या ठोकून घेतल्या, असं त्यावर छापलं होतं. खालचा भाग फाटलेला. ही एका परदेशी सिनेमाची गोष्ट आहे, हे त्या फाटलेल्या भागात लिहिलेलं असणार, एवढं आज मलाही कळतं. पण नत्थूजींनी हातात होता तेवढा कागद तीनदा वाचला, आणि छापलेलं खोटं असू शकतं हे त्या भल्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टपरीवर त्यांनी विषय काढला. टपरीवाले बाबनराव म्हणजे गल्लीचं तोंड.

"नत्थूजी, तिकडचे लोक पुरतेत गा," बाबनराव कपबशा विसळत म्हणाले. "आपले तं जाळतेत. आपल्याकडं उठून उठून काय उठन? राख? राख चावते काय कोणाले?"

सारी टपरी हसली. नत्थूजी घरी आले. दोन दिवस मागावर बसून त्याच गोष्टीचा विचार करत होते. तिसऱ्या दिवशी उठले, थेट टपरीवर गेले आणि म्हणाले, "राख चावत नाई, बाबनराव. नाकात जाते."

मित्रांनो, त्या एका उत्तरातून माझा गळपट्टा जन्माला आला. तिहेरी कापडाचा, नाकातोंडावरून ओढून मागे गाठ मारायचा. बाकीचा मी त्याच्यामागून आलो. कापड नत्थूजींनी स्वतः विणलं, इतकं घट्ट की पाण्यालाही आत शिरायला जरा विचार करावा लागे. एकावर एक असे आठ पदर, आणि दोन पदरांच्या मधे सुताला लावतात ती तांदळाची खळ. शिवलं मात्र पुष्पलतेने. ही त्यांची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. गल्लीच्या टोकाला रुई पिंजून गाद्या भरण्याचा कारखाना होता, तिथे ती कामाला जाई.

"आतून रुई भरू काय वं?" नत्थूजींनी तिला विचारलं.

"रुई नोका भरू, बाबा. मी रोज पाहून राहिली. एक ठिणगी पडली का भपकन जाते."

तिने गळ्याशी एक मोठं लाल बटण लावलं. का, तर मुडद्यांनाही कळावं की आपण कुणाच्या तरी लेकीने शिवलेल्या कपड्याला तोंड लावतोय.

मी तयार झालो तेव्हा नत्थूजींच्या पत्नी रुख्माबाई मला उचलून बघू लागल्या. "इतका मोठा काहून शिवला जी? याच्यात दोघं मावतीन."

"मुडदे आले तं तुले कुठं ठेवू?"

"मले? मले पाहून मुडदेच पळतीन."

माझा बाकीचा सरंजामही ऐका. खिशात एक कांदा, कारण मुडद्याला कांद्याचा वास सोसत नाही, असं नत्थूजींनी स्वतःच ठरवलं होतं. दुसऱ्या खिशात खळ लावून वळलेल्या सुती दोरीचा गुंडा, दोनशे हात लांब, अंधारात घराची वाट सापडावी म्हणून. पाठीवर बैलाची घंटी, म्हणजे आपल्या माणसांना कळेल की येतोय तो आपलाच आहे. आणि छातीवर लोखंडी तवा. तो मात्र रुख्माबाई रोज संध्याकाळी सोडवून न्यायच्या. मुडद्यांनी स्वयंपाकाच्या वेळेला येऊ नये, एवढीच नत्थूजींची अपेक्षा होती.

दर बुधवारी भर दुपारी आमची तालीम चाले. ओल्या कापडावर दात घसरतात, म्हणून आधी माझ्यावर दोन बादल्या पाणी. मग मला घालून, घंटी वाजवत, नत्थूजी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. चैत्राच्या उन्हात नागपूरच्या रस्त्यावर कावळाही उतरत नाही, आणि दुपार निवडण्याचं कारण तेच होतं. कुणी बघू नये. पण दारांच्या फटींतून सगळी गल्ली बघायची. कारखान्याच्या दारात डबा खात उभी असलेली पुष्पलता पदर तोंडाशी धरायची. "बाबा, मुडदे मरतीन तवा मरतीन, मी आधी लाजेनं मरन."

रुख्माबाईंना मात्र हसू येत नव्हतं. उन्हाळ्यात नळाला पाणी करंगळीएवढं. "दर बुधवारी दोन बादल्या मुडद्यांले," त्या म्हणाल्या. "अखाजीपर्यंत वाट पाहीन. तोवर नाई आले, तं या डगल्याचं पोतेरं करीन. सांगून ठेवते."

मित्रांनो, तुम्ही कधी अक्षय्य तृतीयेची भीती धरली आहे का? मी धरली. आठ पदरांचा, लाल बटणाचा मी, आणि शेवटी जमीन पुसत फिरायचं.

अखाजीच्या आधीचा तो शेवटचा बुधवार. पाणी ओतून झालं होतं. नत्थूजी मला घालून, हातात मागाचा मोडका दांडा घेऊन, गल्लीच्या मध्यापर्यंत आले असतील नसतील, तोच समोरून ते आले.

आधी एक. मग पाच. मग अकरा. डोक्यापासून पायापर्यंत राखाडी. डोळे मिटलेले, हात पुढे केलेले, पाय फरफटत, घशातून घरघर. आपली गल्ली सोडा, त्या कागदावरही इतके चांगले मुडदे छापले नव्हते. दारं धडाधड लागली. बाबनराव टपरीतून उठले ते थेट टपरीखाली गेले.

नत्थूजींनी दांडा उचलला. त्यांचं काळीज माझ्या अस्तरावर धडका देत होतं, पण खरं सांगतो, पाय मागे गेला नाही. सगळ्यांत पुढचा मुडदा हाताच्या अंतरावर आला आणि खोकून म्हणाला, "पाणी द्या गा कोणी."

दांडा हवेत थांबला.

"मुडदे नाईत हे," नत्थूजी मोठ्याने म्हणाले. "मुडदा पाणी मागत नाई."

त्यांनी माझ्या ओल्या बाहीने त्याचं तोंड पुसलं. राखेखालून कारखान्याचे मुकादम रुपराव निघाले. "रुई पेटली, नत्थूजी. डोये उघडून नाई राहिले."

मग नत्थूजींनी एकेक तोंड पुसायला घेतलं. दुसरं, तिसरं, सातवं. माझी बाही काळी झाली. अकरावं तोंड पुसून झालं आणि त्यांचा हात तसाच राहिला.

"पुष्पा कुठं हाय?"

"माळ्यावर होती," रुपराव म्हणाले. "आम्ही हाका मारल्या."

तोवर बाबनराव टपरीखालून बाहेर आले होते. नत्थूजींनी गुंड्यातल्या दोरीचं एक टोक त्यांच्या मनगटाला बांधलं आणि दुसरं आपल्या कमरेला. "काईही झालं तरी सोडू नोका."

"पण आतून काय येईन गा?"

"मी येईन."

त्यांनी गळपट्टा नाकावर ओढला आणि आम्ही आत शिरलो. मित्रांनो, आत दिवस नव्हता. धूर इतका दाट की त्याची घडी घालून कपाटात ठेवता आली असती. एक ज्वाळ माझ्या खांद्यावर बसली, चर्र झाली आणि आल्या वाटेने परत गेली. दुसरी आली, तिलाही तोच अनुभव. नत्थूजींना काही दिसत नव्हतं, ते फक्त चालत होते आणि पाठीवरची घंटी वाजत होती. ज्या घंटीला सारी गल्ली हसली, ती.

वरून आवाज आला, खोकत, अगदी बारीक. "बाबा. घंटी ऐकली मी. जिना डाव्या हाताले हाय."

ती गाद्यांच्या ढिगामागे कोपऱ्यात बसली होती. नत्थूजींनी लाल बटण काढलं, तिला आत घेतलं आणि बटण पुन्हा लावलं. रुख्माबाईंना त्या दिवशी उत्तर मिळालं. हो, दोघं मावतात. मग दोरी चाचपत, एकेक हात करत, आम्ही मागे वळलो. माझी कड जळत होती. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा गल्ली पाणी घेऊन दारात जमली होती. त्यांना काय दिसलं असेल? दोन डोक्यांचं, चार पायांचं, अंगातून वाफा निघणारं, छातीला तवा बांधलेलं एक काळं जनावर, आणि पाठीवर घंटी. बादल्या टाकून सगळे पळाले. मुकादमसुद्धा पळाले, तेही डोळे न उघडता.

एकटे बाबनराव उभे होते. डोळे गच्च मिटलेले, दात वाजत होते, पण दोरी मनगटाला दोन वेढे देऊन आवळलेली. "नत्थूजी, तुमी असान तं बोला," ते पुटपुटत होते. "नसान तरी मी सोडत नाई."

दोन डोक्यांपैकी धाकटं म्हणालं, "काका, आधी पाणी द्या."

बाबनरावांनी एक डोळा उघडला. "पाणी मागते," ते स्वतःशीच म्हणाले, आणि रस्त्यातच बसून लहान मुलासारखे रडले.

खिशातला कांदा छान भाजून निघाला होता. तो रुख्माबाईंनी त्या संध्याकाळी घरच्या तिघांत वाटून वाढला. अखाजीच्या दिवशी त्या कात्री घेऊन माझ्यापाशी आल्या. मी आठही पदर आवळून घेतले. त्यांनी माझी जळकी कड कापली, आपल्या लग्नातल्या लुगड्याचा काठ फाडून तिथे लावला, आणि पुढच्या बुधवारी दोन बादल्या पाणी स्वतःच्या हाताने माझ्यावर ओतलं. त्या बुधवारी तालमीला गल्लीतली बावीस माणसं होती. बाबनराव दोरीचे मास्तर झाले होते आणि गाठ ढिली मारणाऱ्याला चहा देत नसत.

पुढे दिवस पालटले. एक्याऐंशीत नत्थूजी गेले. राख सावडायला बाबनराव दोरी घेऊन गेले होते. कुणी काहून म्हणून विचारलं, तेव्हा म्हणाले, "काय सांगाव गा. आला तं वाट पायजे न त्याले." गल्लीतले माग एकेक करून थांबले. माझी घडी झाली, घडीवर धूळ झाली, आणि शेवटी खडखड बंद व्हावी म्हणून कुणीतरी मला कूलरच्या पायाखाली घातलं. चार उन्हाळे मी तिथे गंजाचं पाणी पीत काढले. रागावलो नाही. ओलं राहायची मला सवय होती.

शहाऐंशीच्या चैत्रात एका बाईने मला ओढून काढलं आणि काठावरून हात फिरवला. पुष्पलता. आता ती कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम करते, आणि मी तिथे दाराशी, वाळूच्या लाल बादल्यांच्या वर, मानाने टांगलेला आहे. दर बुधवारी दुपारी ती मला ओला करते आणि सगळ्यांना दोरी धरून चालायला लावते. नव्याने आलेली पोरंपोरी हसतात. ती त्यांना पोटभर हसू देते. मग म्हणते, "झालं हसून? धरा आता."

मित्रांनो, तुमच्याही घरात असं काहीतरी असेल, कुणीतरी वेड्यासारखं जपून केलेलं. त्याला वर्षातून एकदा ऊन दाखवा. उसवलं असेल तिथे दोन टाके घाला. कूलरखाली विटा घाला, विटांना काही वाटत नाही. आणि कधी भर दुपारी तुमच्या गल्लीत डोक्यापासून पायापर्यंत राखाडी असं काही हात पुढे करून आलं, तर दांडा जरूर उचला, माझी ना नाही. फक्त तो खाली येण्याआधी एवढं विचारा, पाणी पायजे काय म्हणून.