तीन भरले पेले

मी जुना आहे, तांब्याचा आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं उष्टं पोटात घेणं हेच माझं काम आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. कुणीतरी ते घ्यावंच लागतं.

माझं तांबं मिशिगनच्या अगदी उत्तरेकडचं. तिथल्या खाणी कधीच्याच बंद पडल्या. मी एका जुन्या छपराचा पत्रा होतो. एका म्हाताऱ्या कारागिराने मला ठोकून ठोकून गोल केलं, गळा अरुंद ठेवला, पण धरायला कडी काही लावली नाही. त्यामुळे मला उचलायचं तर दोन्ही हातांनी, पोटाशी धरूनच उचलावं लागतं. त्याचे उपकार मला फार उशिरा कळले.

मोठ्या तळ्याकाठच्या एका वायनरीत मी आलो. इथे थंडी लवकर येते. द्राक्षं उशिरा पिकतात, आणि पिकली तरी जराशी आंबटच राहतात. त्या आंबटपणासाठी लोक लांबून येतात. काउंटरशी उभं राहून चार-पाच वाइनचा एकेक घोट घेतात, मान डोलावतात आणि पेल्यात उरेल ते माझ्यात ओततात. काउंटरवरची मार्था रोज संध्याकाळी मला धुऊन पालथा घालायची. सगळे मला बकेट म्हणत. ‘गडू’ हे नाव मला स्वानंदीने दिलं.

स्वानंदी नागपूरची, ॲन आर्बरच्या विद्यापीठात संशोधन करणारी. पहिल्यांदा आली ती ओजस आणि यामिनीला घेऊन. तिघं एकाच वर्षी शिकायला आलेली, पण गाडी होती तिच्या एकटीकडे. चार तास तिनेच चालवली होती. मार्थाने तीन पेले भरले. ते दोघं तळ्याचे फोटो काढायला खिडकीशी गेले, आणि स्वानंदीने आपला पेला, ओठसुद्धा न लावता, माझ्यात रिकामा केला.

मी दचकलो. तोवर मला भरला पेला कुणी दिला नव्हता. जे मिळालं ते उरलेलं, नावडलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा जे मिळालं ते कुणाचं उष्टं नव्हतं.

पुढच्या वर्षी तिघं आली तेव्हा तिचं गुपित फुटलेलं होतं.

“स्वानंदी पीत नाही ते बेस्ट आहे यार,” ओजस म्हणाला. “आपला ड्रायव्हर फिक्स.”

“आणि चिवडाही तीच आणते,” यामिनी म्हणाली. “फुल सर्व्हिस.”

स्वानंदीही हसली. या दोघांनी आपल्याला आपल्यातली म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. मार्थाने तिच्यापुढे द्राक्षाचा रस केला, तर तिने तो नको म्हटलं. सगळ्यांसारखाच पेला मागितला, हातात धरून उभी राहिली, आणि निघताना भरलेला पेला मला देऊन टाकला.

ते दोघं बाटल्या निवडत होते तेवढ्यात तिने पाण्याच्या जगमधली लिंबाची फोड काढली, तिला मीठ लावलं आणि माझा काळा पडलेला काठ घासू लागली. गडू कसा लख्ख हवा, असं काहीतरी पुटपुटत होती. मग गुणगुणली,

“घासू घासू तांबं, त्याचा उजळला काठ,
परमुलखी बाई, कोण पाहील गं वाट.”

तिसऱ्या वर्षी ओजस आणि यामिनीला दूर, विमानाने जायच्या अंतरावर, चँडलर गावी नोकऱ्या लागल्या. निरोपाला तिघं इथेच आली. दर सप्टेंबरला इथेच भेटायचं असं ठरलं. मी साक्षीला होतो.

त्याच हिवाळ्यात माझे दिवस फिरले. सगळ्यांचं उष्टं एकाच भांड्यात नको, अशी गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. ज्याला-त्याला कागदी पेला आला, आणि मी माळ्यावर गेलो. वर छपरावर बर्फ साचायचा. खाली हसणं ऐकू यायचं. माझ्यात हळूहळू धूळ साठली. तीही जगाने टाकलेलीच.

सप्टेंबर आला आणि खालून ओळखीचा आवाज आला. “तो तांब्याचा गडू कुठे गेला?”

मार्थाने मला पोटाशी धरून खाली आणलं. काउंटरवर तीन भरले पेले मांडलेले होते. स्वानंदीने तिघांचं बुकिंग केलं होतं. ते दोघं विमानतळावरून परस्पर येणार होते. ती ओढणीने माझी धूळ पुसत होती आणि सारखी रस्त्याच्या वळणाकडे बघत होती. फोन वाजला. हात धुळीचे होते, म्हणून तिने तो स्पीकरवर घेतला.

“अगं, कॅन्सल केलं यार,” ओजस म्हणाला. “यामिनीला सुट्टी नाही, मग मीही नाही निघालो. तू निघाली नाहीस ना अजून?”

“मी पोचले.”

“एकटी? पण तू तर पीतच नाहीस. मग एवढं ड्राइव्ह करून कशाला गेलीस?”

ती “असंच” म्हणाली आणि फोन ठेवला. पुसायचं काही उरलं नव्हतं, तरी बराच वेळ मला पुसत राहिली. मग मार्थाला म्हणाली, मी इथे कधीच एक थेंबही प्यायले नाही.

“मला पहिल्याच वर्षी कळलं होतं,” मार्था म्हणाली. “पेले धुणारी मीच ना. तुझ्या पेल्याला ओठांची खूणच नसायची. मग येत का होतीस?”

“ते येत होते म्हणून.”

तिने पहिला पेला माझ्यात ओतला. मग दुसरा. तिसऱ्याशी थोडी थांबली, आणि तोही ओतला. इतका भरलेला मी कधी नव्हतो, मित्रांनो, आणि इतकं रितंही मला कधी वाटलं नव्हतं.

मार्थाने काही न विचारता दोन पेल्यांत द्राक्षाचा रस ओतला. एक स्वतःला, एक तिला. या वेळी स्वानंदी नको म्हणाली नाही. दोघी उभ्या उभ्याच प्यायल्या. मग ती एकटी, चार तासांच्या वाटेला लागली.

मित्रांनो, तुमच्याही सहलीत कुणीतरी गाडी चालवत असेल, कुणी सगळ्यांचे फोटो काढत असेल, कुणी सामान राखत बसत असेल. ते माणूस हसतंय म्हणून त्याला काही नको असं धरून चालू नका. तुला काय हवं, एवढं एकदा विचारा. आणि यायचं ठरलं असेल, तर या.

मार्थाने मला पुन्हा माळ्यावर नेलं नाही. आता मी खिडकीत असतो, आत स्वच्छ पाणी. वळणावर गाडी दिसली, की बाकीच्यांआधी मी बघतो, चालवणारं कोण उतरतंय.